टाचेपासून वर

हुबेहूब या शब्दाचा मला राग आहे. माझ्या चित्रासमोर उभं राहून कुणी तो उच्चारला की अजूनही कान तापतात, आणि समोरचा माणूस बिचारा कौतुकच करत असतो. ॲन आर्बरला मी ज्या मुलांना चित्रकला शिकवते त्यांना मराठी येत नाही, पण त्या शब्दाचा इंग्रजी भाऊ त्यांच्या तोंडी सारखा असतो. तो ऐकला की मी सगळ्यांचे फोन टेबलाच्या टोकाला ठेवायला लावते आणि म्हणते, जो माणूस समोर नाही त्याला काढा. म्हणताना माझा आवाज गरजेपेक्षा चढतो. मुलं एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. बिनसलंय खरंच, फार पूर्वी, शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या एका स्वयंपाकघरात, आणि आता या वयात तरी ते एकदा सांगून टाकावं असं वाटतं.

हुबेहूब हा बाबांचा शब्द. नागपूरहून आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. बाबा एका कंपनीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग करायचे, आणि रेघेच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी आजवर पाहिलेला नाही. माझा हात बरा आहे हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं, एवढं मी मान्य करते. मग त्यांनी मला चौकोनांची पद्धत शिकवली. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, त्यावर पट्टीने चौकोन पाडायचे, मोठ्या कागदावर तेवढेच पण मोठे चौकोन पाडायचे, आणि एकेका चौकोनात जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवायचं. हे नाक आहे की कान, याचा विचार करायचा नाही. विचार केला की चूक होते, असं ते म्हणायचे. मी आजोबांना काढलं, ते दिवाणखान्यात लागले. मग सबनीस काकूंच्या सासूबाई आल्या, धारप काकांचे वडील आले. तिकडे भारतात कुणी वारलं की इकडे लवकरच एक पासपोर्ट साइजचा फोटो आमच्या घरी यायचा, आणि मी तो चौकोनाचौकोनाने मोठा करून द्यायचे. प्रत्येक चित्राची एक जादा प्रत बाबा माझ्याकडून काढून घेऊन कपाटात ठेवायचे. शॉमबर्गच्या कितीतरी घरांत देव्हाऱ्याशेजारी माझ्या हातचे म्हातारे आणि म्हाताऱ्या चंदनी हार घालून बसलेल्या होत्या. लोक म्हणायचे, हुबेहूब. बाबा मान डोलवायचे. हायस्कूल संपत आलं तोवर मी मेलेल्या माणसांची तज्ज्ञ झाले होते आणि एकाही जिवंत माणसाला मला धड उभं करता येत नव्हतं.

हे मला शाळेतल्या चित्रकलेच्या मिसेस नोव्हाक यांनी तोंडावर सांगितलं. बाई उंच, रुक्ष, थंडीने कायम नाक लाल. त्यांनी माझ्या हातातला फोटो काढून घेतला आणि म्हणाल्या, आता एक बाई बस पकडायला धावतेय, ती काढ. मी काढली. ती बाई कुठेच धावत नव्हती. कपाटात हँगरला लावल्यासारखी लटकत होती. मिसेस नोव्हाक यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हिचं वजन कुठे आहे?" घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडणं थांबल्यावर चिडले. एवढी वर्षं माझ्याशी कुणी वजनाबद्दल बोललंच नव्हतं.

उत्तर मला तळघरात सापडलं. आमच्याकडे शनिवारी पार्टी असायची, कधी आमच्या घरी, कधी सबनीसांच्या. दाराशी बूट आणि चपलांचा ढीग, आत मसालेभाताचा आणि तळणाचा वास, पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम, सावर क्रीम घालून दाट केलेलं श्रीखंड. पुऱ्या मात्र गराजमध्ये तळल्या जायच्या. घरात वास राहिला तर सोमवारी ऑफिसात कोटाला येतो, म्हणून भर हिवाळ्यात बायका स्वेटर आणि शाली गुंडाळून, गाडीशेजारी इलेक्ट्रिक शेगडी मांडून पुऱ्या तळायच्या आणि पुरुष आत बसून देशाचं राजकारण तळायचे. मुलांना पिझ्झा देऊन खाली तळघरात पाठवलं जायचं. मी लहानांत बसण्याइतकी लहान नव्हते आणि मोठ्यांत बसण्याइतकी मोठी नव्हते, म्हणून मी तळघरात, घर गरम करणाऱ्या भट्टीजवळच्या जुन्या सोफ्यावर बसायचे. बरोबर माझ्या डोक्यावर स्वयंपाकघर होतं. तिथे गालिचा नव्हता, आणि सगळे अनवाणी असायचे.

त्या छताने मला जे शिकवलं ते चौकोनांनी शिकवलं नव्हतं. आई चालली की भराभर, हलकं, आणि दर काही पावलांनी थबकणं, कारण काहीतरी विसरलेलं आठवायचं. धारप काका पाय घासत चालायचे. सबनीस काकूंचं पाऊल मी झोपेतही ओळखलं असतं: डावं जोरात, उजवं जेमतेम, डावं जोरात, उजवं जेमतेम. मी वहीत टाच काढली. नुसती टाच, फळीवर दाबलेली. मग विचार केला, एवढा भार डाव्या टाचेवर असेल तर वरचं माणूस कसं असेल? डावं कंबरडं वर, मग डावा खांदा खाली, मग तोल सांभाळायला मान उलटीकडे. सगळी दुनिया डोक्यापासून माणूस काढायला सुरुवात करते. मी टाचेपासून वर जायला लागले, कारण माझ्याकडे तेवढंच होतं.

पहिले कित्येक शनिवार माझी माणसं पडत होती. एक धारप काका तर असे कलले की शेजारी भिंत काढून त्यांना टेकवावं लागलं. मग मी उठून स्वतः तशी चालायला लागले. डावं जोरात, उजवं जेमतेम, सोफ्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत आणि परत. कुठे ताण येतो ते शोधायचं आणि तिथे पेन्सिल दाबायची, बाकी ठिकाणी सैल सोडायची. बोटं, बटणं, डोळे, सगळं नंतर, आणि जमलं नाही तर नाहीच. एकदा अशीच चालत असताना सबनीस काकूंची अनुजा व्हिडिओ गेम सोडून माझ्याकडे बघायला लागली. तिने माझ्या कागदात डोकावलं आणि खो खो हसली. "ओ माय गॉड, दॅट्स माय मॉम. हाऊ आर यू डूइंग दॅट?"

"तुला कसं कळलं? अजून चेहरा काढलेला नाही."

"आय डोन्ट नो. इट जस्ट इज."

त्या रात्री जेवणात मला काय वाढलं गेलं ते आठवत नाही. पण ते वाक्य मी पुढे कुठल्याही बक्षिसाच्या बदल्यात दिलं नसतं.

त्या हिवाळ्यात मी कागदांमागून कागद भरले. शाळेतून मिळणारे मोठे, जाड कागद. भरलेले दाखवले की मिसेस नोव्हाक पसंतीने मान हलवायच्या. गराजमध्ये पुऱ्या तळणाऱ्या बायका, एकीने झारा उगारलेला, दुसरीने पदराने नाक पुसलेलं. फोनवर भारताशी बोलताना विनाकारण ओरडणारे धारप काका. सिंकपाशी उभी असलेली आई, एका पायाने दुसऱ्या पोटरीला खाजवणारी. एकही फोटोवरून नाही, एकही समोर बसवून नाही. बाबा एकदा जिना उतरून आले आणि पाठीशी उभे राहिले.

"काय करून राहिली?"

"माणसं काढतेय."

त्यांनी खिशातली छोटी पट्टी काढली. हे मी रंगवून सांगत नाहीये. ती त्यांच्या खिशात कायम असायची. त्यांनी आईच्या चित्रातलं डोकं मोजलं, मग त्या मापाने सगळी उंची मोजली. "सात डोकीसुद्धा भरत नाही ही. आणि बोटं कुठे आहेत?"

"ती वाकली आहे, बाबा."

"वाकली तरी हाडं तेवढीच राहतात," असं म्हणून ते वर गेले. त्यांची पावलं मी ऐकली. दोन्ही सारखी, मोजून टाकलेली.

वसंतात मी शिकागोतल्या एका आर्ट कॉलेजला अर्ज केला. बाबांना मी इंजिनिअरिंगला जायला हवं होतं, पण त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी तेव्हा त्यांची किती आभारी होते हे आठवलं की आता दात आवळले जातात. काळ्या फोल्डरमध्ये मी माझी निवडक चित्रं लावली. सगळी तळघरातली. मेलेल्यांपैकी एकही नाही. फोल्डर कॉलेजात नेऊन द्यायचा होता आणि नेमकी त्या दिवशी माझी परीक्षा होती. बाबा म्हणाले, "मी सुटी घेतो, मी नेऊन देतो. तू पेपरावर लक्ष दे." ते एवढ्या लांब, एवढ्या ट्रॅफिकमध्ये, फक्त माझ्यासाठी गेले. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं.

उत्तर आलं ते पातळ लिफाफ्यात. सभ्य भाषेत नकार होता आणि खाली कुणीतरी आपुलकीने हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या: हात तयार आहे, पण या चित्रांत जिवंत माणसाकडे पाहिल्याची खूण कुठे दिसत नाही. मी त्या ओळी जिन्यात बसून वाचल्या. मला वाटलं, म्हणजे अनुजा उगाच हसली. म्हणजे मिसेस नोव्हाक मला बरं वाटावं म्हणून मान हलवत होत्या. ज्यांची पावलं मी माझ्या अंगात घेऊन चालले ती माणसं कागदावर मेलेलीच होती, आणि ते मला एकटीलाच कळलं नव्हतं. मी पेन्सिली एका डब्यात भरल्या आणि डबा भट्टीमागे टाकला; परत आलेला फोल्डर उघडलाही नाही. मिसेस नोव्हाकना मी तोंड दाखवलं नाही. त्यांचा तास असला की नर्सच्या खोलीत जाऊन पडायचे. शनिवारी खाली बसले की कानात बोटं घालायचे. मे महिन्यात कुणाच्या तरी मामाचा फोटो आला तेव्हा मी मुकाट्याने चौकोन पाडले. बाबा खूश झाले. "बघ, यात तुझा हात बसला आहे," असं म्हणाले. इंजिनिअरिंगची जागा नक्की झालीच होती.

मग जूनमधला एक शनिवार. घर भरलेलं, गराजचं दार अर्धं उघडं, बाहेर तेल तापत होतं. आई म्हणाली, "निलू, लोणच्याची मोठी बरणी काढ गं, पँट्रीतली, खालच्या फळीवरची." मी वाकले, बरणी उचलली, आणि बरणीखालून सबनीस काकू माझ्याकडे बघत होत्या.

मला क्षणभर कळेना. मग मी शेजारचा तेलाचा कॅन सरकवला. त्याखाली धारप काका, तोंड उघडं, रिसीव्हर कानाला. डाळींच्या डब्यांखाली आई. फळ्यांच्या मापाने कापलेली, काठाला नीट दुमडलेली माझी चित्रं. सबनीस काकूंच्या पोटावर लोणच्याच्या तेलाचं लाल गोल कडं उमटलं होतं. मी एकेक डबा खाली ठेवत गेले आणि एकेक कागद ओढत गेले, आणि मागे बायकांचं बोलणं बंद होत गेलं.

"ही माझी चित्रं इथे कशी?"

आई गोंधळली. "अगं, तुझे बाबा म्हणाले कच्चे कागद आहेत. जाड होते म्हणून फळ्यांना घातले. तेल झिरपत नाही बघ यातून."

"ही कॉलेजात गेली होती."

बाबा दिवाणखान्यातून आले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. तो असता तर कदाचित मी आज हे लिहीत नसते. ते मला समजावून सांगायला लागले, शांतपणे, जसं काही मी हिशेबात चुकले होते. "निलू, ती अर्धवट होती. कोणाला बोटं नाहीत, कोणाला डोळे नाहीत. लोकांना वाटलं असतं की हिला येतच नाही. मी तुझी चांगली लावली, कपाटातल्या प्रती. आजोबांचं, सबनीसांच्या आईचं. प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर घातलं."

कव्हर घातलं. मी दोन महिने स्वतःला मेलेलं समजत होते, आणि हा माणूस मला कव्हरबद्दल सांगत होता. तेवढ्यात सबनीस काकूंनी तेलकट कागद माझ्या हातून घेतला. झारा त्यांच्या दुसऱ्या हातात तसाच होता. "ही मी आहे," त्या म्हणाल्या. मग हळूच, "उजवा गुडघा दुखतो माझा. कुणाला बोलले नाही मी. पण मी अशीच उभी राहते." आणि बाबांकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, हे अर्धवट कसं?"

"वहिनी, तुम्हाला त्यातलं कळत नाही," बाबा म्हणाले.

डब्यांवर नावं टाकायला आईने काळा मार्कर ठेवलेला असायचा, कुणाचा डबा कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून. मी तो उचलला. पँट्रीचं दार पांढरं, गुळगुळीत होतं. बाबांकडे पाठ करून मी त्या दारासमोर बसले आणि तळाशी टाच काढली. बाबा महत्त्वाचं काम कधी खुर्चीवर बसून करायचे नाहीत. आयकर असो की बिघडलेला रेडिओ, ते जमिनीवर उकिडवे बसायचे, डावा गुडघा वर, सगळा भार उजव्या टाचेवर. मी तो भार तिथे दाबला, मार्कर किरकिरला. मग पाठीचा कणा पुढे झुकलेला, मान खाली, जीभ दातांत धरलेली, उजव्या हातात आजोबा प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, समोर उघडा फोल्डर आणि पाठीमागे जमिनीवर माझ्या माणसांचा ढीग. मी कुठेही थांबले नाही, काहीही पुसलं नाही. तो दिवस मी पाहिला नव्हता, मी परीक्षेत होते. पण या माणसाची पावलं मी वर्षानुवर्षं डोक्यावर ऐकली होती. आयुष्यात त्याआधी माझ्या हातून इतकं जिवंत माणूस उतरलं नव्हतं, आणि ते प्रेमाने उतरलं नाही, रागाने उतरलं, हे मी मुलांना शिकवत नाही पण इथे लिहून ठेवते.

मी बाजूला झाले. बाबा चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी आईकडे बघितलं. "हिला तू सांगितलं?"

"मी काय सांगू? मी तर जॉबवर होते."

"मग घरी कोण होतं?"

कुणीच नव्हतं. तेही त्यांना कळलं, आणि त्यांचा हात पट्टीच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. गराजमध्ये तेल जळल्याचा वास यायला लागला तेव्हा काकू धावल्या. लोक जेवले मात्र. आलेलं माणूस न जेवता जाईल अशी आमच्याकडे कुणाची हिंमत नव्हती. मी खाली गेले आणि भट्टीमागून डबा काढला.

पुढच्या वर्षी मी फोल्डर स्वतः ट्रेनने नेला, मांडीवर धरून, आणि त्यात सबनीस काकू लोणच्याच्या कड्यासकट होत्या. त्या कॉलेजाने मला घेतलं. बाबांनी फी भरली, सामान पोचवलं, माझ्या प्रत्येक प्रदर्शनाला कोट घालून आले. चुकलो असं मात्र ते कधीच म्हणाले नाहीत, आणि मीही जाऊ दे असं म्हटलं नाही. ते गेले तेव्हा धारप काकांनी त्यांचा पासपोर्टचा फोटो आणून दिला, मोठा करून भिंतीवर लावायला. मी तो परत केला. लोकांना ते कठोर वाटलं. वाटू दे.

पण मला सांगायची आहे ती त्या शनिवारनंतरची रविवार सकाळ. मी खाली आले तर बाबा पँट्रीच्या दाराला पांढरा रंग देत होते. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलेलं, स्वतः उकिडवे बसलेले, डावा गुडघा वर. आदल्या रात्रीच एक हात दिलेला असावा, कारण डब्यातला रंग बराच खाली गेला होता. पण तो मार्कर पक्का होता. रंग वाळला की आतली शाई वर यायची, फिकट करडी, आधी टाच, मग पाठ, मग झुकलेली मान. ते पुन्हा ब्रश फिरवायचे, थांबायचे, आणि तो माणूस पुन्हा हळूहळू वर यायचा. मी चहा करून घेतला आणि उभी राहून बघत राहिले. मदत केली नाही.

शेवटी त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. खिशातून पट्टी काढली, दाराला लावली, डोळे बारीक केले.

"डावा हात आखूड झाला आहे," ते म्हणाले.

"आखूड नाही झाला, बाबा," मी म्हटलं. "तो माझ्या फोल्डरच्या आत आहे."